हातावर काय ठेवायचं

चि. समीर यास,


काल वहिनीचा फोन आला होता. लिफ्ट बंद असताना गॅसवाला सिलिंडर घेऊन तिसऱ्या मजल्यावर आला, वर काही मागू लागला, तेव्हा तू त्याला पावती दाखवलीस, ‘तक्रार करीन’ म्हणालास आणि दार लावून घेतलंस, असं ती सांगत होती. तेही कौतुकानं, पोरगा व्यवहाराला पक्का झाला म्हणून. मला मात्र ते ऐकून रात्री झोप लागली नाही.

नियमानं तुझं बरोबर आहे, हे आधीच सांगते. घरपोच आणण्याचा खर्च सिलिंडरच्या किमतीतच धरलेला असतो, वर मागायचा त्याला हक्क नाही. उलट सील नीट बघावं, वजन करून मागावं. त्यात भीड कसली? पण आत १४.२ किलो गॅस आणि वर लोखंडाचं वजन जवळजवळ तेवढंच. म्हणजे तीसेक किलो खांद्यावर घेऊन तो माणूस तीन जिने चढला. वीस-तीस रुपये त्याच्या हातावर ठेवले असतेस तर काय बिघडलं असतं? नसतील द्यायचे तर नको देऊस, पण पाणी तरी विचारायचं. तोंडावर दार कसलं लावतोस?

आणि शनिवारी बाणेरच्या हॉटेलातला फोटो तू ग्रुपवर टाकलास. ताटांच्या शेजारी बिल पडलं होतं. माझा जन्म बँकेत गेला, आकडा दिसला की नजर जातेच. १० टक्के सर्व्हिस चार्ज लावला होता आणि तू तो निमूट भरलास. अरे, तो द्यायची सक्ती नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ४ जुलै २०२२ रोजीच तसं स्पष्ट केलंय. हॉटेलवाले कोर्टात गेले, तर दिल्ली उच्च न्यायालयानंही मार्च २०२५ मध्ये प्राधिकरणाच्याच बाजूनं निकाल दिला. ‘हा काढून द्या’ असं शांतपणे सांगायचं, नाहीच ऐकलं तर १९१५ ही ग्राहक हेल्पलाइन आहे. जीएसटी सरकारचा, तो द्यायचाच. सर्व्हिस चार्ज मालकाच्या गल्ल्यात जातो, त्यातलं वाढणाऱ्या पोराला किती मिळतं ते आपल्याला कळतही नाही. त्यापेक्षा बिलाच्या पाच-सात टक्के, फार तर दहा, त्या पोराच्या हातात रोख द्यावेत. साध्या खानावळीत बडीशेपेच्या वाटीशी दहा-वीस रुपये पुरतात.

म्हणजे गारव्यात बसून जे द्यायची सक्ती नव्हती तेही दिलंस, आणि घामाघूम होऊन दारात उभा राहिला त्याला नियम वाचून दाखवलास. माझी काळजी तेवढीच आहे रे. पैशाची नाही.

किती द्यायचं याचं कोष्टक मी देणार नाही, अंदाज तेवढा सांगते. केस कापणाऱ्याला वीस-तीस. रिक्षावाला मीटरनं आला असेल तर वरच्या सुट्ट्या पैशांसाठी हात पसरू नये. मीटर टाकायलाच तयार नसेल तर मात्र एक रुपया जास्त देऊ नये. स्टेशनवर हमालाशी ओझं उचलण्याआधी ठरवावं, नंतर घासाघीस नको. पावसात भिजत जेवण आणणाऱ्या मुलाला जमलं तर रोख द्यावं. घरकाम करणाऱ्या बाईंना दिवाळीला एक पगार वर, आणि वॉचमन, झाडूवाली, कचरेवाला, पेपरवाला यांची पोस्त वेगळी. काम अडवून आधी मागतो त्याला मात्र काही द्यायचं नाही. पासपोर्टच्या चौकशीला कुणी आलं आणि चहापाण्याचं बोललं तर सरळ नाही म्हणायचं. ती लाच, आणि २०१८ च्या दुरुस्तीनंतर देणाराही गुन्हेगार ठरतो.

माझं बँकेचं नेमणुकीचं पत्र आलं ते गिरगावच्या चाळीत. पोस्टमन चार जिने चढून आले, दारातूनच ओरडले, ‘ताई, नोकरी लागली!’ घरात तेव्हा द्यायला चार आणेही नव्हते. आईनं त्यांच्या हातावर साखर ठेवली. ते म्हणाले, ‘पगार झाला की दिवाळीला द्या.’ मी पहिल्या पगारातले पाच रुपये पाकिटात घालून, वर त्यांचं नाव लिहून ठेवले. दिवाळीला पोस्त मागायला दुसरेच पोस्टमन आले, यांची बदली झाली होती. कुठे झाली ते कुणालाच सांगता आलं नाही. इतकी वर्षं झाली, पण तो माणूस आनंदानं धापा टाकत दारात उभा होता, हे माझ्या मनातून गेलेलं नाही. म्हणून दार लावल्याचं ऐकलं आणि जिवाला लागलं.

फार बोलले का? ऑफिसातून दमून आला असशील, त्या दिवशी कुणावर तरी चिडलेला असशील, हे मला कळतं. लहानपणी भाजीवाल्या मावशींची टोपली डोक्यावर चढवायला तूच धावत जायचास. तू मुळात तसा नाहीस, हे मी वहिनीलाही सांगितलं. पुढच्या खेपेला तोच गॅसवाला आला तर नाव विचार त्याचं. माफी वगैरे मागायची गरज नाही, नुसतं नीट बोल.

आणि रात्री अकराला जेवतोस म्हणे. तसं नको करूस. पुढच्या रविवारी तुझे बाबा पुण्याला येतायत, त्यांच्याबरोबर मेतकूट आणि लसणीची चटणी देतेय. भात तरी वेळेवर लावत जा. दिवाळीला दोन दिवस आधी ये, पोस्तीची पाकिटं भरायला मला यंदा तूच हवा आहेस.

तुझी,
आत्या