जानेवारीतील संकल्प आणि पादांशिक क्रम

चैत्र शुद्ध प्रतिपदा हा आपला वर्षारंभ असला, तरी १ जानेवारीला नवे संकल्प करण्याची प्रथा आता समाजात रूढ झाली आहे. वजन उतरविणे, पहाटे उठणे, चहा सोडणे असे बेत करून अनेक रुग्ण या महिन्यात आपणहून वैद्याकडे येतात. एरवी पथ्यासाठी ज्यांची मनधरणी करावी लागते, तेच आता 'काय करू?' असे विचारतात. मात्र महिनाअखेरीस यातील कित्येक संकल्प मोडलेले असतात आणि त्यांच्या जागी 'आपल्याच्याने काही होत नाही' ही खंत उरते. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील पंचविसाव्या अध्यायात रोग वाढविणाऱ्या भावांमध्ये विषादाला अग्रस्थान दिले आहे. त्यामुळे मोडलेला संकल्प हा थट्टेचा विषय न मानता चिकित्सेचा विषय मानला पाहिजे. तो का मोडतो आणि कसा टिकवावा, याचा विचार येथे करू.

काल आणि बल

जानेवारीत सामान्यतः पौष-माघ हे महिने येतात. म्हणजेच हा हेमंत-शिशिराच्या संधीचा काळ होय. 'तस्याशितीय' अध्यायानुसार विसर्गकाळाच्या शेवटी आणि आदानकाळाच्या प्रारंभी मनुष्याचे बल श्रेष्ठ असते. बाहेरील शीतामुळे कोंडलेला अग्नी या वेळी प्रबळ असतो. नवी सवय लावण्यास याहून अनुकूल काळ क्वचितच मिळेल. तथापि शिशिरात आदानामुळे रौक्ष्य वाढू लागते, हेही विसरता येत नाही. संकल्प मोडण्याची कारणे शोधू गेल्यास बहुधा या दोन गोष्टींकडे झालेले दुर्लक्षच आढळते.

संकल्प का मोडतात?

पहिले कारण अनशन. प्रबळ अग्नीला योग्य इंधन न मिळाल्यास तो शरीरातील रसधातूचाच क्षय करतो आणि वात प्रकुपित होतो. केवळ काकडी-टोमॅटोवर राहणारा रुग्ण आठ-दहा दिवसांत अंगदुखी, बद्धकोष्ठ, निद्रानाश व चिडचिड घेऊन येतो, तो यामुळेच. हेमंतात प्रमिताहार व वातल अन्न वर्ज्य सांगितले आहे. यावर कोणी म्हणेल, की प्रमेही, त्वग्दोषी व बृंहित रुग्णांना शिशिरात लंघन प्रशस्त सांगितलेच आहे. ते खरे; परंतु लंघनाच्या दहा प्रकारांत व्यायाम आणि आतपसेवनही येतात. लंघन म्हणजे केवळ उपासमार नव्हे. स्थूल व्यक्तीला गुरु परंतु अपतर्पण करणारे अन्न द्यावे, असा संहितेचा संकेत आहे. ज्वारीची भाकरी, मुगाचे वरण, कुळथाचे कढण हे आपल्या घरचेच पदार्थ त्यात चपखल बसतात.

दुसरे कारण अतिव्यायाम. वाग्भटांनी शीतकाळात व वसंतात बलवान आणि स्निग्ध आहार घेणाऱ्या व्यक्तींनी अर्धशक्तीने व्यायाम करावा, असे म्हटले आहे. कपाळावर व काखेत घाम येऊ लागला, तोंडाला कोरड पडली आणि तोंडाने श्वास घ्यावासा वाटला, की थांबावे. वर्षभर बैठे काम करणारा मनुष्य पहिल्याच दिवशी तासभर धावतो आणि चौथ्या दिवशी अंथरुणातून उठत नाही. त्यात दोष त्याच्या इच्छाशक्तीचा नसून मात्रेचा असतो.

तिसरे आणि सर्वांत महत्त्वाचे कारण म्हणजे एकाएकी केलेला बदल. दीर्घकाळच्या सवयीने अहितही सात्म्य झालेले असते. ते अचानक सोडल्यास, अथवा हितकर गोष्ट अचानक स्वीकारल्यास, शरीर व मन दोन्ही विरोध करतात.

पादांशिक क्रमाची योजना

सूत्रस्थानाच्या सातव्या अध्यायात यावर पादांशिक क्रम सांगितला आहे. अहिताचा एक अंश कमी करावा, तेवढाच हिताचा अंश वाढवावा आणि पुढील पायऱ्यांमधील अंतर एक, दोन, तीन दिवस असे वाढवीत न्यावे. अंशाच्या प्रमाणाबाबत टीकाकारांत मतभेद आहेत; व्यवहारात चतुर्थांश सोयीचा पडतो. आम्ही प्रत्येक पायरी एक आठवडा स्थिर ठेवण्याचा सल्ला देतो. हा ग्रंथोक्त काळ नव्हे, आजच्या नोकरदार रुग्णासाठी केलेला विस्तार आहे. त्यामुळे चार पायऱ्या जानेवारीतच पूर्ण होतात.

उदाहरणार्थ, आठला उठणाऱ्यास सहाला उठावयाचे असेल, तर अंतर १२० मिनिटांचे. पहिल्या आठवड्यात साडेसात, दुसऱ्यात सात, तिसऱ्यात साडेसहा आणि चौथ्यात सहा. रात्री झोपण्याची वेळही तितकीच अलीकडे आणावी. ४० मिनिटे चालावयाचे असल्यास दहा, वीस, तीस, चाळीस असा क्रम ठेवावा. चार कप चहा घेणाऱ्याने दर आठवड्यास एक कप कमी करावा. एका वेळी एकच संकल्प हाती घ्यावा.

हर्षाचे स्थान

पंचविसाव्या अध्यायातच प्रीणन करणाऱ्या भावांत हर्ष श्रेष्ठ मानला आहे. ज्या पथ्यात आनंद नाही, ते फार काळ टिकत नाही. सुदैवाने या ऋतूची चर्याच सुखद आहे. कोमट तिळतेलाचा अभ्यंग, ऊन पाण्याचे स्नान, सकाळचे कोवळे ऊन या गोष्टी रुग्णास 'औषध' म्हणून लिहून द्याव्यात. धुंधुरमासातील पहाटेचे जेवण, भोगीची तीळ लावलेली बाजरीची भाकरी व मिसळीची भाजी, संक्रांतीचा तिळगूळ यांत स्निग्ध व उष्ण आहाराची ऋतुचर्या सणांच्या रूपाने घरोघरी पोहोचलेली आहे. रुग्णाला ती आठवण करून दिली, की पथ्य परके वाटत नाही.

तारतम्य

वरील विवेचन स्वस्थ व मध्यम बलाच्या व्यक्तींसाठी आहे. आमावस्था व अग्निमांद्य असल्यास प्रथम दीपन-पाचन करावे. अभ्यंगाची घाई करू नये. मधुमेही रुग्णास तिळगूळ नाममात्रच द्यावा. हृद्रोग वा उच्च रक्तदाब असलेल्यांनी पहाटेच्या कडक थंडीत व्यायाम न करता ऊन आल्यावर चालावे. शिशिरात संचित होणारा कफ वसंतात प्रकुपित होतो, म्हणून स्निग्ध आहार घेताना दिवास्वाप कटाक्षाने टाळावा. उदासीनता दोन आठवड्यांहून अधिक टिकली, झोप व भूक नष्ट झाली वा जीवन नकोसे झाल्याचे बोल रुग्ण काढू लागला, तर केवळ ऋतुचर्येवर न विसंबता मानसरोगतज्ज्ञांचे साहाय्य त्वरित घ्यावे.

येत्या जानेवारीत रुग्ण मोठा संकल्प घेऊन आला, तर त्याचा उत्साह खच्ची न करता त्या संकल्पाचे चार भाग करून पहिला भाग त्याच्या हाती द्यावा आणि आठ दिवसांनी पुन्हा बोलवावे. पहिली पायरी साधल्याचा त्याला होणारा हर्षच त्याला दुसऱ्या पायरीवर नेईल.