काकडीच्या वेलाला फळ केव्हा धरते?



परसात किंवा गच्चीवर काकडी लावणाऱ्याची पहिली तक्रार बहुधा ठरलेली असते. वेल छान पसरतो, पिवळ्या फुलांनी भरून जातो, पण फुले एकेक करून गळून पडतात आणि काकडी काही दिसत नाही. मग कोणी खत वाढवतो, कोणी कीड लागली असे समजून औषध फवारतो, तर कोणी कंटाळून वेलच उपटून टाकतो. अशा वेळी बहुतेकदा वेलाला काहीच झालेले नसते. त्याचे काम क्रमाने चाललेले असते. तो क्रम आपण बियांपासून पाहू या.

काकडी मूळची आपल्याकडचीच. तिची कडू फळांची रानटी भावंडे हिमालयाच्या पायथ्याशी अजून आढळतात. कोकणात पावसाळ्यात मांडवावर लोंबणारे मोठे तवसे हीदेखील काकडीच. तिला ऊब लागते. २५ ते ३० अंश सेल्सिअस तापमानात बी चार-पाच दिवसांत मातीवर डोके काढते. तापमान १५ अंशांच्या खाली गेले तर ते तसेच पडून राहते आणि पुष्कळदा कुजते. म्हणून महाराष्ट्रात लागवड जून-जुलैत करतात, किंवा थंडी ओसरू लागली की जानेवारीअखेर ते फेब्रुवारीत.

सगळे बी एकदम मातीत घालू नका. पाच-सहा बिया ओल्या टीपकागदावर आडव्या ठेवा, वरून दुसरा ओला कागद घाला, ताटली झाका आणि दिवसातून दोनदा उघडून पाहा. प्रथम बियांच्या निमुळत्या टोकातून पांढरे आदिमूळ बाहेर येऊन खाली वळेल. त्यानंतर मूळ आणि दांडा जिथे मिळतात तिथे, फक्त खालच्या अंगाला, एक बारीक उंचवटा दिसू लागेल. भिंग असेल तर उत्तम. या उंचवट्याला आपण ‘खुंटी’ म्हणू.

ही खुंटी कशासाठी? ती बीजकवचाची खालची कड दाबून धरते. वरचा दांडा कमानीसारखा वाकून ताण घेतो आणि दोन्ही बीजपत्रे कवचातून ओढून काढतो. शाळेतून आल्यावर हात न लावता बूट काढायचा असेल तर तुम्ही एका पायाने दुसऱ्या बुटाची टाच दाबून धरता, तशीच ही युक्ती. चार्ल्स डार्विनने १८८० साली प्रसिद्ध केलेल्या वनस्पतींच्या हालचालींवरील ग्रंथात भोपळावर्गीय रोपांच्या अशा खुंटीचे वर्णन केले आहे.

पण खुंटी खालच्याच अंगाला का येते? ‘खाल’ कोणते हे रोपाला गुरुत्वाकर्षणामुळे कळते, असा तर्क होता. तो तपासायचा तर गुरुत्वाकर्षण जवळजवळ जाणवत नाही अशी जागा हवी. १९९८ च्या ऑक्टोबरअखेर डिस्कव्हरी हे अवकाशयान ७७ वर्षांच्या जॉन ग्लेन यांना घेऊन गेले, त्याच उड्डाणात जपानी शास्त्रज्ञांनी काकडीच्या बियाही पाठवल्या होत्या. अवकाशात रुजलेल्या रोपांना एक नव्हे, दोन्ही बाजूंना एकेक अशा दोन खुंट्या आल्या! म्हणजे रोपाची तयारी मुळात दोन खुंट्यांची असते. पृथ्वीवर गुरुत्वाकर्षणामुळे वरची खुंटी दबून जाते. बी आडवे न ठेवता उभे धरून रुजवले तर काय होते, हे पाहायला अवकाशात जावे लागत नाही. तुम्हीच पाहा आणि वहीत आकृती काढा.

या खुंटीवरून पेरणीचा एक नियमही समजतो. बी अगदी वरवर पेरले तर कवचाला मातीचा दाब मिळत नाही, आणि रोप कवचाची टोपी डोक्यावर घेऊनच वर येते. म्हणून बी सुमारे दोन सें.मी. खोल पेरा आणि वरची माती हाताने हलकेच दाबा. एखाद्या रोपावर टोपी राहिलीच तर ती ओली करून ठेवा. ओढून काढायला गेलात तर बीजपत्रेही तुटून येतील.

बाकी तयारी सोपी आहे. पंधरा-वीस लिटरचा जुना डबा, तळाला भोके, निम्मी माती आणि निम्मे चांगले कुजलेले शेणखत. एका डब्यात तीन बिया पेरून पुढे एकच जोमदार रोप ठेवा. मुळे नाजूक असल्याने रोप उपटून दुसरीकडे लावणे शक्यतो टाळा. सहा तास ऊन हवे. पाणी नेमाने द्या, पण डब्यात साचू देऊ नका. चढायला बांबू किंवा सुतळी द्या. तणावा सुतळीला पकडल्यावर स्प्रिंगसारखा गुंडाळतो. त्याची वेटोळी मध्यावर उलट्या दिशेला का फिरतात, हा विचार करण्याजोगा प्रश्न आहे. (सूचना: दोन्ही टोके घट्ट धरलेली दोरी मध्येच पिळून पाहा.)

आता त्या तक्रारीकडे येऊ. काकडीच्या एकाच वेलावर नरफुले आणि मादीफुले वेगवेगळी येतात. ओळखणे अगदी सोपे. फुलाच्या मागे नुसता बारीक देठ असेल तर ते नरफूल. मागे बोटाच्या पेराएवढी, लव असलेली इवलीशी काकडी असेल तर ते मादीफूल. ती काकडी म्हणजे त्याचा अंडाशय. बहुतेक वाणांत आधी नरफुले येतात, तीही झुबक्याने, आणि मादीफुले आठवडा-दहा दिवसांनी दिसू लागतात. तेव्हा पहिली फुले गळाली म्हणून घाबरण्याचे कारण नाही. ती गळायचीच होती. मोठा दिवस आणि कडक ऊन असले की नरफुलांचे प्रमाण वाढते. उलट इथिलीन हे वनस्पतीतले वायुरूप द्रव्य मादीफुले वाढवते. हेच इथिलीन केळी पिकवते.

मादीफूल सकाळी उमलते आणि त्याचा काळ जेमतेम एका दिवसाचा. तेवढ्यात परागकण त्याच्यापर्यंत पोचले पाहिजेत. काकडीचे पराग चिकट असल्याने वाऱ्याने उडत नाहीत. ते काम मधमाश्यांचे. अंडाशयात शेकडो बीजांडे असतात आणि प्रत्येक बीजांडाला एक परागकण लागतो. माशीच्या एका भेटीत हे भागत नाही. पराग अपुरे पडले तर ती इवली काकडी पिवळी पडून गळते, किंवा एका टोकाला फुगीर आणि दुसऱ्याला रोड अशी वाकडी वाढते. आता विचार करा: फळ धरत नाही म्हणून सकाळी फुलांवर कीटकनाशक फवारले, तर नुकसान कोणाचे झाले? पाने खाणारे तांबडे भुंगे वेलावर दिसले तर सकाळी ते सुस्त असताना हाताने वेचून साबणाच्या पाण्यात टाका. डबाभर वेलाला एवढे पुरते.

गच्चीवर माश्या फिरकत नसतील तर माशीचे काम आपण करावे. सकाळी सात ते नऊच्या दरम्यान ताजे नरफूल तोडा, त्याच्या पाकळ्या काढा आणि मधला पिवळा भाग मादीफुलाच्या मधोमध हळुवार टेकवून फिरवा. एका मादीफुलाला दोन-तीन नरफुले वापरा.

यातूनच वर्गासाठी एक चांगला प्रयोग होतो. उद्या उमलणारी नऊ मादीफुले संध्याकाळी निवडा. तीन फुलांवर पातळ मलमलीची पिशवी बांधून तशीच ठेवा. तिनांवर पिशवी बांधा, सकाळी हाताने पराग लावा आणि पुन्हा बांधा. उरलेली तीन उघडी, माश्यांसाठी. प्रत्येकाला दोऱ्याची खूण करा. आठव्या दिवशी लांबी मोजा, काकड्या उभ्या चिरा आणि भरलेल्या बिया मोजा. शिक्षकांना एक विनंती: बी साध्या देशी वाणाचे घ्यावे. हरितगृहासाठी तयार केलेले काही वाण परागांवाचूनही बिनबियांची फळे देतात, आणि मग प्रयोगाचा सगळा निकालच गोंधळात टाकतो.

कडूपणाबद्दल दोन शब्द. शेजारी कारले लावले की काकडी कडू होते असे पुष्कळजण मानतात. ते खरे नाही. काकडी आणि कारल्याचा संकर होत नाही. शिवाय फळाचा गर मातृवेलाचाच असतो, बाहेरच्या परागाचा परिणाम झालाच तर तो बियांत होतो. कडू चव कुकुरबिटासिन नावाच्या द्रव्यांमुळे येते. वाणाचा गुण आणि पाण्याचा ताण यांवर त्यांचे प्रमाण ठरते. ती देठाकडे आणि सालीखाली जास्त असतात, म्हणून देठाकडचे टोक कापून टाकण्याची रीत शहाणपणाची आहे. टोक घासून फेस काढल्याने आणखी कडूपणा उतरतो का? एका काकडीचे टोक घासा, दुसरीचे नुसते कापा, आणि कोणती कोणती हे न सांगता घरच्यांना चव घ्यायला लावा. फार कडू लागलेला घास मात्र थुंकून टाकावा, तो पोटाला बाधतो.

फळ धरल्यापासून आठ-दहा दिवसांत, बी कोवळे असतानाच काकडी तोडा. ती वेलावर जून होऊ दिली तर पुढची फळे कमी धरतात. बहर संपत आला की मात्र एक चांगली काकडी मुद्दाम राखा. महिना-सव्वा महिन्यात ती पिवळी-तपकिरी होईल. तिचा गर बियांसकट वाटीत एक-दोन दिवस आंबू द्या, म्हणजे बियांवरचे बुळबुळीत आवरण सुटेल. तळाशी बसलेल्या बिया धुऊन सावलीत वाळवा आणि पुडीवर वाणाचे नाव आणि तारीख लिहा. संकरित वाणाच्या बियांपासून आईसारखीच काकडी येईल असे नाही. तरीही दोन-चार बिया लावून बघायला काय हरकत आहे?