क्लाउडमधील आभासी जाळे : रचना आणि जबाबदारी

'क्लाउड' या शब्दामुळे माहिती आकाशात तरंगत असावी, असा अनेकांचा समज होतो. वास्तविक ती जमिनीवरील मोठ्या इमारतींतल्या संगणकांत साठवलेली असते. 'ॲमेझॉन वेब सर्व्हिसेस'ने २००६ साली असे संगणक भाड्याने देण्यास प्रारंभ केला. २०१६ पासून तिची केंद्रे मुंबईतही आहेत. एकाच यंत्रावर आणि एकाच तारेवरून अनेक ग्राहकांची माहिती वाहत असता ती परस्परांपासून अलग कशी राहते?

आरंभी सर्व ग्राहक एका सामाईक जाळ्यात होते. २००९ साली या कंपनीने 'व्हर्च्युअल प्रायव्हेट क्लाउड' ही सेवा आणली. तीत ग्राहक स्वतःसाठी खासगी पत्त्यांचा संच निवडतो. एका संचात १६ ते ६५,५३६ पत्ते असतात. १०.०.०.५ हा एकच पत्ता अनेक ग्राहक एकाच वेळी वापरू शकतात. कारण निघालेल्या प्रत्येक पाकिटावर यंत्रणा दुसरे पाकीट चढवते. ते कोणत्या ग्राहकाच्या जाळ्यातले आणि कोणत्या यंत्राकडे जाणारे, याची नोंद त्यावर असते. मुक्कामी ही नोंद पडताळली जाते; ती जुळली तरच आतील मजकूर पुढे जातो.

समजा, परीक्षेचा निकाल संकेतस्थळावर जाहीर करायचा आहे. त्यासाठी जाळ्याचे दोन उपविभाग, म्हणजे सबनेट, करावेत. पहिल्यात संकेतस्थळाचा सर्व्हर ठेवावा. त्याच्या मार्गतक्त्यात इंटरनेट गेटवेकडे जाणारी वाट नोंदवावी. दुसऱ्यात विद्यार्थ्यांची नावे, पत्ते व गुण असलेला डेटाबेस ठेवावा. त्याला अशी वाट देऊ नये. 'सिक्युरिटी ग्रुप' ही द्वारपालाची नियमावली होय. नव्या ग्रुपमध्ये बाहेरून येणाऱ्या कोणालाही प्रवेश नसतो. डेटाबेसपुरता एकच नियम लिहावा : केवळ संकेतस्थळाच्या सर्व्हरला प्रवेश. त्याला जाणाऱ्या उत्तरासाठी वेगळा नियम लागत नाही.

याउलट, घाईपोटी डेटाबेस पहिल्या उपविभागात सार्वजनिक पत्त्यासह ठेवला आणि प्रवेशासाठी ०.०.०.०/० असे लिहिले, तर त्याचा अर्थ 'जगातील कोणीही' असा होतो. मग शेकडो मुलांची माहिती एका पासवर्डच्या भरवशावर उरते. इमारत, यंत्रे व तारा यांची राखण कंपनी करते. हे नियम लिहिण्याची जबाबदारी मात्र ग्राहकाची असते.

विद्यार्थी मित्रहो, तुमच्यापैकी काहीजण उद्या अशी जाळी उभारतील. प्रत्येक नियमापाशी थांबून विचारा : हा प्रवेश कोणासाठी आहे, आणि आज त्याची गरज उरली आहे काय? गरज संपलेला नियम त्याच दिवशी काढून टाका. ज्यांची माहिती आत आहे, त्यांना तो नियम कधी दिसणार नाही. म्हणून त्यांच्या वतीने तो तुम्हीच वाचला पाहिजे.