घरचे कुत्रे, घरचे मांजर आणि वाड्यातल्या आया

शेतकऱ्याच्या घरी कुत्रे पाळावे की नाही, हा प्रश्न सहसा येतच नाही. खळ्यावर राखण हवी, रानडुकरे हाकायला कोणी तरी हवे, म्हणून कुत्रे असते; आणि भाताच्या कणगीभोवती उंदीर असतात, म्हणून मांजरही असते. प्रश्न आहे तो पाळण्याचा. दारात भाकरीचा तुकडा टाकला म्हणजे पाळले, अशी आपली समजूत असते. पुरुष मंडळी कुत्र्याला हाक मारतात. पण त्याला वाढते, त्याची घाण काढते आणि त्याने पोराला ओरबाडले तर पोराला घेऊन धावते, ती घरची आई. म्हणून हा पाठ मुख्यतः आयांसाठी आहे. बंधूंनीही वाचायला हरकत नाही.

कुत्रे आणायचे तर गावठीच आणावे. ते आपल्या हवेला सोसते, भाकरी, भात, नाचणीची आंबील आणि अधूनमधून अंडे किंवा मासळी यांवर चांगले वाढते, डब्यातले अन्न त्याला लागत नाही. राखणीला जातिवंत कुत्रेच हवे असेल तर मुधोळचे आपल्या शेजारचेच आहे; थंड मुलखातले केसाळ कुत्रे आणून त्याला वैशाखात पत्र्याखाली बांधणे हा त्याच्यावर जुलूम आहे. कांदा, लसूण, द्राक्षे, बेदाणे मात्र कुत्र्या-मांजराला घालू नयेत. शिजलेल्या कोंबडीची हाडेही नकोत, ती फुटून घशात वा आतड्यात रुततात.

आता घाणीविषयी. शेण हे खत आहे, म्हणून कुत्र्याची विष्ठाही खतच, असे समजू नये. तिच्यात जंतांची अंडी असतात व ती मातीत महिनोन्‌महिने टिकतात. भाजीच्या वाफ्यात किंवा शेणखताच्या खड्ड्यात ती टाकू नये. विहिरीपासून आणि पोरे खेळतात त्या अंगणापासून दूर, वेगळ्या खड्ड्यात पुरावी. पिल्लाला दोन आठवड्यांचे झाल्यापासून जंताचे औषध सुरू करावे लागते. वेळा गुरांच्या डॉक्टरांना विचाराव्यात. बकरे कापले की आतडी-काळीज कुत्र्यापुढे कच्चे फेकण्याची आपल्याकडे रीत आहे, ती मोडलीच पाहिजे. त्यातून एक बारीक पट्टकृमी कुत्र्यात वाढतो आणि त्याची अंडी माणसाच्या पोटात गेली तर यकृतात किंवा फुफ्फुसात पाण्याच्या गाठी धरतात.

गरोदर बाईने मांजराची घाण स्वतः काढू नये. तीतून एक सूक्ष्म जंतू पोटातल्या बाळाला बाधू शकतो. ताज्या विष्ठेतला हा जंतू लगेच लागत नाही, त्याला निदान एक दिवस तरी लागतो. म्हणून घरातल्या दुसऱ्या कोणी ती रोज उचलली तर धोका बराच टळतो. मांजराला घराबाहेर काढण्याचे काही कारण नाही. परसातल्या मातीत काम केल्यावर हात धुवावेत, भाजी धुवून घ्यावी आणि मटण नीट शिजवावे.

उंदरांसाठी काळी विषारी पूड ठेवणाऱ्या घरात मांजर आपोआप नाहीसे होते, आणि मग उंदीर वाढले म्हणून आणखी पूड येते! विषाने मेलेला उंदीर मांजराने, कुत्र्याने किंवा गव्हाणी घुबडाने खाल्ला तर तेही मरू शकतात. सापळा, मांजर आणि उंच बांधलेली कणगी, एवढ्याने पुष्कळ भागते.

मेलेले ढोर माळावर टाकण्याचीही तीच कथा आहे. पूर्वी गिधाडे ते काही वेळात साफ करीत. गुरांना दुखण्यावर डायक्लोफेनॅक हे औषध दिले जाई, आणि त्या गुरांचे मांस खाऊन गिधाडांची मूत्रपिंडे निकामी होत. हे कारण २००४ साली उजेडात आले. गुरांसाठी ते औषध आपल्या देशात २००६ साली बंद झाले, पण तोवर बहुतेक गिधाडे संपली होती. त्यांच्या जागी माळावर मोकाट कुत्री पोसली गेली. म्हणून ढोर पुरावे, आणि जनावराला वेदनेचे औषध देताना डॉक्टरांकडे मेलोक्सिकॅम मागावे, ते गिधाडांना बाधत नाही.

मोकाट कुत्री म्हटले की पिसाळण्याचे भय आलेच. या रोगाची लक्षणे एकदा दिसली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. पण लक्षणांपूर्वी उपचार झाला तर तो टळतो. कुत्र्याने चावा घेतला किंवा नुसते ओरबाडले तरी जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी. चुना, मिरची, हळद काही लावू नये. लगेच सरकारी दवाखाना गाठावा. पोटात चौदा इंजेक्शने घेण्याचे दिवस केव्हाच गेले. आता लस दंडात देतात, आणि जखम खोल असेल तर जखमेतही वेगळे औषध घालतात. मात्र ठरलेल्या सगळ्या तारखा पाळल्या पाहिजेत.

तारखा चुकतात त्या इथेच. लावणी चालू आहे, म्हैस दुभती आहे, मांडीवर दुसरे मूल आहे. पहिल्या दोन खेपा होतात आणि तिसरीला आई म्हणते, पोर तर हुंदडते आहे, कशाला जायचे? १८८५ साली पाश्चरने ज्या मुलाला ही लस पहिल्याने टोचली, त्या नऊ वर्षांच्या जोसेफ मेस्टरला त्याच्या आईनेच अल्सासमधल्या खेड्यातून पॅरिसपर्यंत नेले होते. आपल्या आईला तालुक्यापर्यंतच जायचे आहे, पण मागे घर सांभाळणारे कोणी नसेल तर तेवढेही जड होते. अशा वेळी उपदेशापेक्षा शेजारणीचा हात जास्त कामाचा. एकीने धार काढावी, एकीने तान्हे ठेवून घ्यावे, एकीने सोबत जावे, आणि लसीच्या तारखा दोघी-तिघींच्या कॅलेंडरवर लिहाव्यात. चार आया नियमाने बोलत असल्या की आणखी एक गोष्ट साधते. मार बसेल म्हणून पोर चावल्याचे आपल्या आईला सांगत नाही, पण त्याच्या सोबत्याच्या आईला ते कळलेले असते.

याच आयांनी वाड्यातल्या कुत्र्या-मांजरांची यादी करावी. एका घरासाठी डॉक्टर येणे कठीण, वीस जनावरे एका जागी असतील तर विनंती करता येते. पिल्लू तीन महिन्यांचे झाले की पिसाळीची पहिली लस, मग डॉक्टर सांगतील तशी पुन्हा. गोव्यात अशीच गावोगाव कुत्र्यांना लस टोचत गेले आणि २०२१ साली ते राज्य रेबीज-नियंत्रित म्हणून जाहीर झाले. २८ सप्टेंबर हा जागतिक रेबीज दिन. लगेच ४ ऑक्टोबरला संत फ्रान्सिसचा सण येतो. त्या दिवशी जनावरे आशीर्वादाला आणण्याची रीत असेल तिथे लसही त्याच अंगणात टोचता येईल. मादीची शस्त्रक्रियाही यादीत धरावी. नको असलेली पिल्ले पोत्यात घालून बाजारात सोडणे ही काही सोय नव्हे, ती दुसऱ्या गावच्या आईच्या दारात टाकलेली अडचण होय.

लसीचा कागद पेटीत, घरच्या इतर कागदांबरोबर ठेवावा. कुत्रे चावल्यावर दवाखान्यात त्याची चौकशी होते. कागद असला तरी लस घ्यायची की नाही हे डॉक्टरच ठरवतील. आणि कुत्रे घरचे असेल तर ते मारू नये, दहा दिवस बांधून त्याच्यावर नजर ठेवावी.