बालशिक्षिकेची पूर्वतयारी

गेल्या नवरात्रात आरती आटोपल्यावर देवळाच्या ओसरीवर एक विषय निघाला. आपल्या एका सभासद कुटुंबातील कन्या पदवीपूर्व परीक्षा उत्तीर्ण झाली असून तिला बालशिक्षिका व्हावयाचे आहे. ते ऐकून एक वडीलधारे गृहस्थ म्हणाले, "तीन वर्षांच्या पोरांना सांभाळायचे, त्यात शिकायचे ते काय? घरची आजीसुद्धा ते करते." मुलीच्या आईने मान खाली घातली. त्या वेळी मला उत्तर सुचले नाही. पुढे थोडे वाचन केले, त्यातून जे हाती लागले ते वाचकांपुढे ठेवीत आहे.

आजीचे काम हलके आहे असे कोण म्हणेल? परंतु आजीपुढे दोन नातवंडे असतात आणि ती तिच्या रक्ताची असतात. शिक्षिकेपुढे वीस-पंचवीस मुले, प्रत्येकाचे घर निराळे, प्रत्येकाचे रडणे निराळे. येथूनच विद्येस आरंभ होतो.

अनुताई वाघ यांचे चरित्र या संदर्भात अवश्य पाहावे. जन्म १९१० सालचा. तेराव्या वर्षी विवाह आणि सहा महिन्यांत वैधव्य. पुढे शिकून त्या प्राथमिक शिक्षिका झाल्या, रात्रशाळेत जाऊन १९३७ साली मॅट्रिक झाल्या. १९४५ साली ताराबाई मोडक यांच्यासमवेत त्या डहाणू तालुक्यातील बोर्डी येथे गेल्या, तेव्हा शिकविण्याचा दीर्घ अनुभव त्यांच्या पदरी होता. तथापि बालशिक्षण त्यांना नव्यानेच शिकावे लागले. बी. ए. ची पदवी त्यांनी घेतली ती १९६१ साली, वयाच्या एकावन्नाव्या वर्षी! (हा क्रम सर्वांनीच धरावा असे नव्हे, आज प्रमाणपत्रावाचून दार उघडत नाही.)

ताराबाईंची तयारी भावनगरच्या बालमंदिरात गिजुभाई बधेका यांच्या सहवासात झाली होती. गिजुभाई मूळचे वकील. ती सनद बाजूस सारून त्यांनी १९२० साली हे बालमंदिर काढले. लोक कौतुकाने त्यांना 'मिशाळ आई' या अर्थाच्या गुजराती नावाने ओळखीत. पुरुषांनी या कामास लाजू नये एवढ्यासाठी हे सांगितले, जरी अंगणवाडी सेविकेची जागा स्त्रियांसाठीच असते.

बोर्डीला या दोघींना पहिला धडा मुलांनी दिला. बालवाडी उघडली, पण गरीब वस्तीतील मुले तेथवर येईनात. मग बालवाडीच उठून वस्तीच्या अंगणात गेली. तीच अंगणवाडी. पुढे कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांमध्ये काम सुरू झाले. ती मुले दिवसभर गुरांमागे असत. म्हणून शिक्षिका कुरणात गेल्या आणि कुरणशाळा निघाली. डॉक्टर माँटेसोरी यांनी १९०७ साली रोममध्ये बालगृह उघडले, त्यातील शिक्षणसाधने मौल्यवान होती. ताराबाई व अनुताईंनी त्यांच्या जागी शंख-शिंपले, बिया, पाने, खडे, बांबू आणले. तत्त्व तेच ठेवले, खर्च तेवढा काढून टाकला.

आता आपल्याकडे पाहू. जोयडा तालुका म्हणजे काळी नदीच्या खोऱ्यातील अरण्य; घरे विखुरलेली, पावसाळ्यात पायवाटा बिकट. घरात कोंकणी किंवा मराठी आणि सरकारी कारभार कन्नडमध्ये. अशा ठिकाणी मुलाला पहिल्या दिवशी त्याच्या घरच्या बोलीत 'ये, बस' म्हणणारी शिक्षिका मिळाली, तर अर्धे रडणे तेथेच थांबते. यास्तव होतकरू मुलीने तिन्ही भाषांतील बालगीते व गोष्टी जमवाव्यात. कन्नड लिहिणे-वाचणेही पक्के करावे, कारण नोंदवह्या तिलाच ठेवाव्या लागतात.

साधनांची आपल्याला उणीव नाही. बाजारकुणंगच्या कोणत्याही परसात ती पडलेली असतात. कंद लहानमोठे क्रमाने लावता येतात, करवंट्यांनी पाणी मापता येते, पाने आकारावरून निवडता येतात. मात्र गुंजा दिसायला कितीही सुंदर असल्या तरी त्या मुलांच्या हाती देऊ नयेत. ते बी विषारी असते. बारीक खडे व चिंचोकेही अगदी लहान मुलांपासून दूर ठेवावेत, घशात अडकतात. पाटी-पेन्सिलीची घाई करू नये. आधी माती मळून, मणी ओवून बोटे वळू द्यावीत. पालक तक्रार करतील, "अजून 'अ' सुद्धा येत नाही!" त्यांची समजूत घालणे हाही तयारीचाच भाग आहे, आणि माझ्या मते तोच सर्वांत कठीण.

अंगणवाडीची योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी ३३ ठिकाणी सुरू झाली. तीत शाळापूर्व शिक्षणाबरोबर पूरक आहार, लसीकरण, आरोग्य-तपासणी ही कामेही येतात. म्हणून मुलाचे वजन घेणे व वाढीचा तक्ता भरणे शिकावेच लागते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षे हा शिक्षणाचा पायाभूत टप्पा मानला. बारावी किंवा अधिक शिकलेल्या सेविकांसाठी सहा महिन्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम व त्याहून कमी शिकलेल्यांसाठी एक वर्षाची पदविका सांगितली. 'शिकायचे ते काय' या प्रश्नाचे सरकारी उत्तर एवढ्यावरून मिळते.

परंतु प्रशिक्षणाला प्रवेश मिळेपर्यंत हात बांधून का बसावे? मूल पाहावयास शिकणे आजच सुरू करता येते. एक वही घ्यावी, एका मुलापाशी काही न बोलता बसावे, आणि ते काय करते तेवढेच लिहावे; 'हट्टी', 'मठ्ठ', 'गुणी' असले शब्द लिहू नयेत. हे वाटते तितके सोपे नाही. मी स्वतः एकदा बसलो, तर पाच मिनिटांत त्या मुलाला उपदेश करू लागलो होतो.

ओसरीवर जिची गोष्ट निघाली, त्या मुलीला हे मी सांगितले. परवा तिने वही आणून दाखविली. पहिल्या पानावर शेजारचा तीन वर्षांचा मुलगा आहे. तो एका करवंटीतले पाणी दुसरीत ओततो, सांडले की हाताने पुसतो, पुन्हा ओततो. आईने हाक मारली तरी उठत नाही. खाली तिने आपले मत असे काही लिहिलेले नाही, फक्त वेळ नोंदवली आहे : पंचवीस मिनिटे. वही तिच्या आईने ओसरीवरच्या त्या गृहस्थांनाही वाचावयास दिली आहे; ती अद्याप त्यांच्याकडेच आहे.