हातांचे बोलणे

पुणे शहरातील गुलटेकडी भागात मार्केट यार्ड ही मोठी बाजारपेठ वसलेली आहे. गावोगावचा शेतमाल तेथे येतो. रात्री मालमोटारींची रांग लागते, हमालांच्या पाठीवरून पोती उतरू लागतात आणि उजाडण्याच्या सुमारास भाजीपाल्याच्या व फळांच्या विभागांत लिलावाचे आवाज घुमू लागतात. भुसार विभागात धान्याच्या व कडधान्यांच्या थप्प्या उभ्या असतात. येथे येणारा प्रत्येक मनुष्य काही ना काही मिळविण्यासाठी येतो. परंतु समोरच्यालाही काही मिळाल्यावाचून सौदा पुरा होत नाही, हा बाजाराचा पहिला धडा होय.

पूर्वी अनेक बाजारांत सौदा ठरविण्याची एक निराळी रीत होती. तिला ‘हत्ता’ म्हणत. घेणारा आणि अडत्या रुमालाखाली किंवा उपरण्याखाली एकमेकांचा हात धरीत व बोटे दाबून भाव सांगत. तोंडातून चकार शब्द निघत नसे. या झाकल्या व्यवहारात काय ठरले, हे ज्याचा माल त्या शेतकऱ्यालाही पुष्कळदा कळत नसे. म्हणून कायद्याने नियंत्रित झालेल्या बाजारपेठांत ही रीत बंद करून उघड लिलावाची पद्धत आणली गेली.

हातांनी बोलण्याची अशीच एक रीत पूर्वेकडील देशांत फार प्राचीन काळापासून चालत आलेली आहे. मात्र तिच्यात काहीही झाकलेले नसते. ती रीत म्हणजे एक पटखेळ. चिनी लोक त्याला ‘वेइची’ म्हणजे वेढ्याचा खेळ म्हणतात, कोरियात त्याला ‘बादुक’ म्हणतात आणि जपानी लोक ‘गो’ म्हणतात. जगात तो या शेवटच्या नावानेच अधिक ओळखला जातो. त्याचे आणखी एक जुने नाव आहे व त्याचा अर्थच मुळी ‘हातांनी केलेले संभाषण’ असा आहे. दोन माणसांना एकमेकांची भाषा येत नसली तरी पटावर खडे ठेवून ती तासन्‌तास बोलू शकतात.

या खेळाचे साहित्य अगदी साधे आहे. पटावर एकोणीस आडव्या व एकोणीस उभ्या रेघा असतात. त्या एकमेकींना जेथे छेदतात, तेथे खडे ठेवावयाचे. असे ३६१ छेद होतात. म्हणून खड्यांच्या पूर्ण संचात काळे १८१ व पांढरे १८० खडे असतात. जपानातील उंची संचांत काळे खडे पाटीच्या दगडाचे आणि पांढरे शिंपल्याचे असतात. पण हा थाट काही आवश्यक नाही. आपल्याकडे नवकंकरीचा किंवा वाघबकरीचा पट खडूने जमिनीवर आखतात, तसाच हाही आखता येतो. नवशिक्याने तर नऊ रेघांच्या लहान पटापासूनच आरंभ करावा, अशी सर्वत्र पद्धत आहे. त्यात केवळ ८१ छेद असतात.

नियमही थोडेच आहेत. काळ्याने आरंभ करावयाचा. मग दोघांनी आळीपाळीने एकेक खडा ठेवावयाचा. एकदा ठेवलेला खडा हलवावयाचा नाही. खड्याच्या लगतच्या रेघांवरील मोकळ्या छेदांना त्याचे ‘श्वास’ म्हणतात. चौकातील हातगाडीला चार वाटा मोकळ्या असतात, भिंतीकडेच्या गाडीला तीन आणि कोपऱ्यातील गाडीला दोनच. खड्यांचेही तसेच असते. एका रंगाचे खडे रेघेवर लागून बसले की त्यांचे श्वास एकत्र होतात. प्रतिस्पर्ध्याने सारे श्वास बंद केले, तर ते खडे पटावरून उचलले जातात. जेथे आपला खडा ठेवताच त्याला एकही श्वास उरणार नाही, तेथे तो ठेवण्याची सामान्यतः मनाई आहे. मात्र त्या चालीनेच शत्रूचे खडे उचलले जात असतील, तर ठेवता येतो. एकच खडा दोघांनी पुनःपुन्हा उचलून डाव अडवू नये, म्हणून लगेच मागचीच स्थिती आणण्यास बंदी आहे. मध्ये दुसरीकडे एक चाल करावी लागते.

या नियमांतूनच एक मोठी गंमत निघते. खड्यांच्या एखाद्या समूहाने आपल्या पोटात दोन वेगवेगळ्या रिकाम्या जागा राखल्या, तर तो समूह कायमचा जिवंत राहतो. कारण शत्रूला दोन्ही जागा एकाच वेळी भरता येत नाहीत. या जागांना ‘डोळे’ म्हणतात. ज्याला दोन डोळे, तो जगला, एवढे ध्यानात ठेवले म्हणजे पुष्कळ झाले.

शेवटी दोघांनाही वाटले की आता मिळविण्यासारखे काही उरले नाही, की डाव संपतो. मग प्रत्येकाने वेढलेले मोकळे छेद आणि पकडलेले खडे मोजतात. बुद्धिबळात राजाची कोंडी झाली की सर्व संपते. येथे राजाही नाही आणि त्याचा वधही नाही. दोघांनाही पटाचा हिस्सा मिळतो. ज्याचा थोडा अधिक, तो जिंकतो. काळ्याला पहिल्या चालीचा लाभ होतो, म्हणून जपानी पद्धतीत पांढऱ्याला साडेसहा गुणांची भरपाई देतात. त्यामुळे अर्ध्या गुणानेही डाव जिंकता येतो आणि तो विजय पूर्णच मानला जातो.

नियम शिकावयास एक घटका पुरते. मग नवशिक्याची अडचण कोठे असते? ती समजण्यासाठी एक प्रसंग कल्पावा. मार्केट यार्डातील एका भुसार गाळ्याच्या ओट्यावर सुट्टीच्या दुपारी दोन भावंडे बसली आहेत. बहीण महाविद्यालयात जपानी भाषा शिकते. तेथेच तिला या खेळाचा परिचय झाला. धाकटा भाऊ सातवीत आहे. ओट्यावर खडूने नऊ रेघांचा पट आखला आहे. काळे खडे म्हणून चिंचोके आणि पांढरे खडे म्हणून वालाचे दाणे घेतले आहेत. बाजूला आजोबा पोत्याला टेकून पाहत आहेत.

भावाला बहिणीचा एक वाल एकटा सापडला. त्याचा एकच श्वास उरला होता. बहिणीने लागून दुसरा वाल ठेवला. श्वास दोन झाले. भावाने त्यांतला एक बंद केला. ती पुन्हा पळाली; त्याने पुन्हा अडविले. शिडीच्या पायऱ्यांप्रमाणे दोघांचे दाणे पटावर तिरके सरकू लागले. भावाचे लक्ष आता त्या पळत्या वालांवाचून कशातच नव्हते. तोच बहिणीची रांग पलीकडे आधीपासून पडून असलेल्या तिच्याच एका वालाला जाऊन मिळाली. तिचे श्वास वाढले. पाठलाग करणाऱ्या चिंचोक्यांत मात्र जागोजागी खिंडारे पडली होती. पाहता पाहता त्यांतील कितीतरी उचलले गेले.

“ताई, तू तो दाणा लपवून ठेवला होतास!” भाऊ रागावून म्हणाला.

“लपवू कुठे रे? पटावर काही लपवता येतं का? तो पहिल्यापासून तुझ्यासमोरच होता,” बहीण म्हणाली. “दुसऱ्याचे श्वास मोजायच्या आधी स्वतःचे मोजत जा.”

आजोबा हसले. म्हणाले, “बाळ, आमच्या तरुणपणी गुरांच्या बाजारात रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरायचा. तिथं रुमाल हातांवर असायचा. आज तो तुझ्या डोळ्यांवर होता. हावेचा रुमाल!”

भाऊ ओशाळला, पण त्याने पट पुसला नाही. दुसऱ्या डावात कोपऱ्यातील दोन चिंचोके संकटात सापडले, तेव्हा त्याने त्यांच्यासाठी धडपड केली नाही. त्या वेळात त्याने पटाची एक संपूर्ण बाजू बांधून घेतली. डाव तो हरलाच, परंतु अवघ्या चार गुणांनी.

“आजोबा, पाहिलंत का? आज मी दोन दाणे मुद्दाम सोडून दिले.”

“पाहिलं तर! सोडता आलं, म्हणजे सौदा कळायला लागला,” आजोबा म्हणाले.

नवशिक्याची अडचण हीच आहे. हातचे सोडून पळत्याच्या पाठी लागणे, ही मनुष्यस्वभावाची जुनीच खोड या पटावर तत्काळ उघडी पडते. एका खड्यासाठी दहा खडे घालविणारा खेळाडू मूर्ख असतो असे नव्हे. तो एकाच कोपऱ्याकडे पाहत असतो, एवढेच. चीनमधील जाणत्यांनी या खेळाची दहा सूत्रे सांगितली आहेत. त्यांतील पहिलेच सूत्र विजयाची हाव धरू नये, असे बजावते. आणि पुढील एक सूत्र लहान लाभ सोडून मोठा धरावा, असे सांगते.

मोठे कोठे आहे, हे ओळखण्याचा एक साधा हिशेब आहे. नऊ छेदांची चौरस जागा पटाच्या मध्यभागी वेढावयाची तर बारा खडे लागतात. कडेला नऊ पुरतात आणि कोपऱ्यात सहाच. कारण कोपऱ्यात पटाच्या दोन कडा फुकटच कुंपणाचे काम करतात. गुदामात पोत्यांची थप्पी कोपऱ्यापासून लावतात, त्यामागील विचारही हाच असतो. म्हणून आधी कोपरे, मग कडा आणि शेवटी मध्य, हा गो खेळणाऱ्यांचा क्रम ठरून गेला आहे.

हे ज्ञान पुस्तकातून वाचता येते. अंगी मात्र हरूनच बाणते. पहिले पन्नास डाव लवकर हरून टाकावेत, अशी या खेळातील जाणत्यांची शिकवण आहे. हरण्याची लाज वाटू नये म्हणून या खेळात एक सोयही आहे. दुर्बळ खेळाडूला आरंभीच दोनपासून नऊपर्यंत खडे पटावर मांडू देतात. त्यामुळे गुरू आणि शिष्य हे दोघेही मन लावून खेळू शकतात, आणि शिष्याची प्रगती किती झाली हे मदतीचा एकेक खडा कमी होत गेला की आपोआप दिसते.

परंतु मन लावणे हे मात्र ज्याचे त्यानेच केले पाहिजे. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात होऊन गेलेल्या मेन्शियस या चिनी तत्त्वज्ञाने याविषयी एक दृष्टांत दिला आहे. यी चिऊ नावाचा या खेळातील देशातला सर्वश्रेष्ठ गुरू दोन शिष्यांना शिकवीत होता. एक शिष्य गुरूच्या शब्दाशब्दाकडे लक्ष देई. दुसरा ऐके खरा. पण त्याचे मन आकाशात. आता एखादा हंस उडत येईल, मग धनुष्य कसे ओढावे आणि बाण कसा सोडावा, याचेच विचार त्याच्या डोक्यात चालत. अर्थात तो मागे पडला. त्याची बुद्धी का कमी होती? मुळीच नाही, असे मेन्शियस सांगतो. कमी होती ती एकाग्रता.

ही एकाग्रता किती खोल जाऊ शकते, याचे एक विलक्षण उदाहरण जपानच्या इतिहासात आहे. १९४५ च्या ऑगस्टमध्ये हिरोशिमाजवळील इत्सुकाइची या उपनगरात होनिन्बो या मानाच्या किताबासाठी हाशिमोतो उतारो आणि इवामोतो काओरू यांचा डाव चालू होता. ६ ऑगस्ट हा त्याचा तिसरा दिवस. सकाळी खेळाडू आदल्या दिवसापर्यंतची स्थिती पटावर मांडीत असताना आकाशात प्रचंड प्रकाश झाला आणि मागोमाग धक्का बसला. खिडक्यांच्या काचा फुटल्या, खडे विखुरले. शहरावर अणुबॉम्ब पडला होता. संहार केवढा झाला आहे, याची पूर्ण कल्पना तेथील मंडळींना तेव्हा नव्हती. खोली आवरण्यात आली, खडे पुन्हा जागच्या जागी ठेवले गेले आणि डाव पुरा झाला. हाशिमोतो पाच गुणांनी जिंकले. पुढे इवामोतोंनी हा खेळ देशोदेशी पोहोचविण्याच्या कामाला स्वतःला वाहून घेतले आणि परदेशांत गोची केंद्रे उभारण्यासाठी स्वतःचे धन दिले. एका बाजूला क्षणात नगर नाहीसे करणारे युद्ध, आणि दुसऱ्या बाजूला प्रतिस्पर्ध्याचाही हिस्सा मान्य करणारा पट! त्या दिवसाने या दोहोंतील अंतर जगाला दाखविले.

पुढे २०१६ च्या मार्चमध्ये कोरियाच्या सेऊल शहरात ‘अल्फागो’ या संगणक-आज्ञावलीने ली सेदोल या नामवंत खेळाडूचा पाच डावांच्या सामन्यात चार विरुद्ध एक असा पराभव केला. आता यंत्रच श्रेष्ठ ठरले, तर माणसाने हा खेळ का शिकावा, असा प्रश्न कोणी विचारील. परंतु मोटार माणसापेक्षा वेगाने धावते, म्हणून मुले धावण्याचे सोडीत नाहीत. पटावर बसल्याने हावेला आवर घालण्याची जी सवय मनाला लागते, ती यंत्राला जिंकता आले नाही म्हणून काही वाया जात नाही.

बाजार असो, खेळ असो की संसार असो, सारे खडे बहुधा आपल्यासमोर उघडेच असतात. स्वतःचे श्वास मोजून, लहान ते सोडून आणि दुसऱ्यालाही त्याची जागा देऊन जो पुढे जातो, त्याच्या पदरी अखेरीस थोडे अधिक पडते. आणि पुष्कळदा थोडे अधिक एवढेच पुरेसे असते.

शब्दार्थ
अडत्या – शेतकऱ्याचा माल दलाली घेऊन विकून देणारा
थप्पी – एकावर एक नीट रचलेली पोत्यांची रास
चकार शब्द न काढणे – मुळीच न बोलणे
खिंडार – भिंतीला किंवा रांगेला पडलेले भगदाड
अंगी बाणणे – स्वभावात पक्के रुजणे

अभ्यास
१. हत्ता पद्धत आणि गो हा खेळ यांत साम्य कोणते व भेद कोणता?
२. ‘आज तो रुमाल तुझ्या डोळ्यांवर होता’ असे आजोबा का म्हणाले?
३. बुद्धिबळातील विजय आणि गोमधील विजय यांत कोणता फरक आहे?
४. यी चिऊच्या दुसऱ्या शिष्याची प्रगती का झाली नाही, ते तुमच्या शब्दांत लिहा.
५. वहीत नऊ रेघांचा पट आखा. चार छेदांची चौरस जागा कोपऱ्यात, कडेला व मध्यभागी वेढण्यास किती खडे लागतात, ते पडताळून पाहा.
६. ‘हातचे सोडून पळत्याच्या पाठी’ या म्हणीचा अर्थ स्पष्ट करणारा एखादा प्रसंग लिहा.