विद्युत् विच्छेदन आणि आयनांची वाट

मिठाच्या संपृक्त द्रावणातून विद्युत्प्रवाह सोडला असता क्लोरीन, हायड्रोजन आणि कॉस्टिक सोडा हे तीन उपयुक्त पदार्थ मिळतात. पाण्याचे निर्जंतुकीकरण, साबण, कागद अशा अनेक कामांसाठी त्यांची गरज असते. मात्र त्यांना परस्परांपासून दूर ठेवणे हेच खरे अवघड काम होय.

धनाग्रापाशी क्लोरीन तयार होतो. ऋणाग्रापाशी हायड्रोजन सुटतो व हायड्रॉक्साइड आयन उरतात. हे ऋणभारित आयन धनाग्राकडे ओढले जातात आणि क्लोरीनशी त्यांचा संयोग झाल्यास सोडा व क्लोरीन दोन्ही वाया जातात. हायड्रोजन व क्लोरीन यांचे मिश्रण तर स्फोटक असते. म्हणून आयनांच्या हालचालीवर नियंत्रण आवश्यक ठरते.

यासाठी प्रथम दोन उपाय योजले गेले. ॲस्बेस्टॉसच्या सच्छिद्र पडद्यामुळे द्रावणांचे मिसळणे कमी होई. पण सोड्यात मीठ राहून जाई. पाऱ्याचे ऋणाग्र वापरल्यास सोडियम पाऱ्यात विरघळून वेगळा होई आणि शुद्ध सोडा मिळे. पण सांडपाण्यातून पारा बाहेर जाण्याचा धोका राही. जपानमधील मिनामाता येथे १९५६ साली उघडकीस आलेल्या विषबाधेचे मूळ निराळ्या रसायनाच्या कारखान्यात होते. तरी पाऱ्याचे भीषण परिणाम तिने जगापुढे आणले.

तिसरा उपाय आयन-विनिमय पटलाचा. या पटलात ऋणभारित गट पक्के बसविलेले असतात. ते सोडियमच्या धन आयनांना वाट देतात आणि क्लोराइड व हायड्रॉक्साइड आयनांना बहुतांशी अडवितात. जपानमध्ये नोबेओका येथे १९७५ साली अशा पटलाचा औद्योगिक वापर सुरू झाला. पुढे २०१३ च्या मिनामाता करारात या उद्योगातील पाऱ्याचा वापर २०२५ पर्यंत थांबविण्याचे ठरले. भारताने २०१८ मध्ये या करारास मान्यता दिली.

शाळेत हे तत्त्व सहज दाखविता येते. इंग्रजी यू आकाराच्या नळीत सोडियम सल्फेटचे द्रावण घेऊन त्यात ब्रोमोथायमॉल ब्ल्यू हा दर्शक घालावा. ग्रॅफाइटच्या कांड्या ९ व्होल्टच्या बॅटरीस जोडाव्यात. थोड्या वेळाने धनाग्रापाशी पिवळा व ऋणाग्रापाशी निळा रंग दिसतो. नळीच्या तळाशी कापसाचा बोळा ठेवल्यास रंगांचे मिसळणे मंदावते. शेवटी सर्व द्रावण एका भांड्यात ओतून ढवळल्यास पुन्हा हिरवा रंग येतो. आम्ल व अल्क वेगळे ठेवले नाहीत, तर केलेले काम कसे पुसले जाते, हे विद्यार्थ्यांना यातून कळते.

या प्रयोगात मीठ वापरू नये, कारण त्यापासून विषारी क्लोरीन निर्माण होतो. घरगुती विद्युत्पुरवठ्याशी थेट जोडणीही कदापि करू नये.